हॅचचे माप कोणाचे? जालना जिल्ह्याच्या क्षेत्रघनी नकाशांच्या निमित्ताने काही विचार

१

नकाशा हा पाहावयाचा नसून वाचावयाचा असतो, हे तत्त्व आपण सारेच मान्य करतो. व्यवहारात मात्र प्रबंधातील नकाशाकडे शोभेचे पान म्हणून पाहण्याची सवय अद्याप गेलेली नाही. कोष्टकातील एखादा आकडा चुकला तर परीक्षक त्यावर नेमके बोट ठेवतात. पण नकाशातील हॅच चुकला तर ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः रंगाविना छापलेल्या क्षेत्रघनी नकाशात हॅच हेच कोष्टक होय. एखाद्या तालुक्याचे क्षेत्र समांतर रेषांनी भरावयाचे, मूल्य कमी असेल तेथे रेषा विरळ ठेवावयाच्या आणि अधिक असेल तेथे दाट करावयाच्या, हा या नकाशाचा मूळ संकेत. म्हणजे दोन रेषांमधील अंतर हाच येथे आकडा आहे. अंतर बदलले की आकडा बदलला.

पदव्युत्तर अभ्यासक आता आपले नकाशे उत्तरोत्तर प्रोग्रॅम लिहून तयार करू लागले आहेत. माहितीची फाइल वाचावी, तालुक्यांच्या सीमा आखाव्यात, वर्गांनुसार हॅच भरावा आणि पीडीएफ बाहेर काढावी, हे सारे काही क्षणांत होते. या सोयीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु या मार्गाने निघालेल्या नकाशांत हॅचच्या मापाचा एक दोष वारंवार आढळतो, आणि त्याची मीमांसा आपल्याकडे पुरेशी झालेली नाही. हा दोष निव्वळ तांत्रिक मानून सोडून देता येत नाही. ‘हॅचचे माप कोणाचे, जमिनीचे, आकृतीचे की कागदाचे?’ असा एक तात्त्विक प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

२

प्रश्न नवा नाही. १८२६ मध्ये चार्ल्स द्युपँ याने फ्रान्समधील शिक्षणप्रसार दाखविणारा छायांकित नकाशा प्रसिद्ध केला. क्षेत्रघनी नकाशांचा इतिहास सामान्यतः तेथून सांगितला जातो. प्रदेश जितका शिक्षणात मागे, तितकी छाया गडद, हा त्याचा संकेत होता. तेव्हापासून छाया ही विधान करू लागली, आणि म्हणून ती खोटे विधानही करू शकेल अशी परिस्थिती निर्माण झाली.

विसाव्या शतकाच्या मध्यास हाताने नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन तयार रेषांचे चिकट पारदर्शक कागद वापरीत. नकाशा मोठ्या आकारात काढावयाचा, त्यावर असा कागद कापून बसवावयाचा, आणि मग छापखान्यात त्याचा लहान आकाराचा लाइन ब्लॉक करून घ्यावयाचा, अशी ती रीत होती. या कामात मुरलेला ड्राफ्ट्समन रेषांचा कागद निवडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारी : ‘चित्र किती लहान करणार?’ मूळ चित्रात एक मिलिमीटर अंतराने असलेल्या रेषा चित्र चतुर्थांश केल्यावर पाव मिलिमीटरवर येतात आणि शाई पसरून त्यांचा एकच काळा डाग होतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आजच्या अभ्यासकाकडे त्या ड्राफ्ट्समनपेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत; त्याचा प्रश्न तेवढा मागे पडला आहे.

३

जालना जिल्ह्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १ मे १९८१ रोजी जुन्या औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून हा जिल्हा निर्माण झाला. पुढे बदनापूर, घनसावंगी व मंठा हे तालुके झाले आणि संख्या आठावर गेली. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर धरले तर पाच तालुक्यांच्या काळात एका तालुक्याच्या वाट्यास सरासरी १,५४० चौरस किलोमीटर येत. आठ तालुक्यांत ही सरासरी सुमारे ९६० वर उतरते. प्रशासनाच्या दृष्टीने हा बदल कसाही असो, नकाशाकाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच : हॅचला मिळणारी जागा लहान झाली.

सोयीसाठी सरासरी तालुका चौरस आहे असे समजू. त्याची बाजू सुमारे ३१ किलोमीटर येते. भिंतीवर लावण्याच्या ए-० कागदावर १:२,५०,००० प्रमाणाने नकाशा काढला तर ही बाजू १२.४ सेंटीमीटर होते, आणि २ मिलिमीटर अंतराच्या सुमारे ६२ आडव्या रेषा तीत मावतात. तोच नकाशा प्रबंधासाठी ए-४ कागदावर आणला की रेषीय माप चतुर्थांश होते, प्रमाण १:१०,००,००० होते आणि बाजू ३.१ सेंटीमीटर उरते. आता हॅचचे काय व्हावे? दोनच शक्यता आहेत. हॅच नकाशाबरोबर आकसला तर ६२ रेषा कायम राहतील, पण त्यांतील अंतर अर्ध्या मिलिमीटरवर येईल. यंत्रचित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार समांतर रेषांतील अंतर ०.७ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. म्हणजे ही भरणी वाचनीयतेच्या मर्यादेखाली जाईल. उलट हॅच आकसला नाही तर अंतर २ मिलिमीटरच राहील, पण तालुक्यात जेमतेम १५ रेषा दिसतील. दोन्ही परिणाम सदोषच आहेत असे नाही. कोणता परिणाम होणार हे नकाशाकाराने ठरविलेले नसते, हा खरा दोष होय.

४

मग ते ठरवितो कोण? येथे पीडीएफच्या रचनेकडे वळणे भाग आहे. पीडीएफमध्ये हॅच बहुधा ‘टाइलिंग पॅटर्न’ या रूपाने साठविला जातो. एक लहान चौकट घ्यावयाची, तीत रेषेचा एक तुकडा काढावयाचा, आणि ती चौकट फरशीप्रमाणे ठराविक अंतराने आडवी-उभी मांडीत जावयाची, अशी ही कल्पना आहे. या पॅटर्नला स्वतःचे एक मॅट्रिक्स असते. चौकटीतील मापांचे रूपांतर कोणत्या निर्देशक पद्धतीत करावयाचे हे ते मॅट्रिक्स सांगते. प्रोग्रॅमकाराची समजूत अशी असते की, आकृती काढताना जे माप चालू असेल तेच हॅचलाही लागू होईल. पीडीएफचा नियम तसा नाही. पॅटर्नचे मॅट्रिक्स ज्या आशयप्रवाहात तो पॅटर्न नोंदविलेला आहे त्याच्या मूळच्या, आरंभीच्या निर्देशक पद्धतीशी बांधलेले असते. मध्यंतरी माप बदलण्याची कितीही आज्ञा दिली तरी आकृती बदलते. हॅच बदलत नाही.

या नियमाचे फल पाहावे. पीडीएफचे मूळ एकक पॉइंट, म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, सुमारे ०.३५३ मिलिमीटर. मिलिमीटरमध्ये काम करणे सोयीचे म्हणून प्रोग्रॅमकार आरंभीच सर्व मापे २.८३५ पट करण्याची आज्ञा देतो आणि पुढे निःशंकपणे ‘२’ हे अंतर हॅचला देतो. तालुक्यांच्या सीमा अचूक उमटतात. हॅच मात्र २ मिलिमीटरऐवजी २ पॉइंट, म्हणजे ०.७१ मिलिमीटर अंतराने उमटतो. नेमकी वाचनीयतेच्या सीमारेषेवरच ही चूक येऊन थांबते, म्हणून पडद्यावर ती खपून जाते आणि छापील प्रतीत उघडी पडते. उपाय साधा आहे : जी पट आकृतीला दिली तीच पट पॅटर्नच्या मॅट्रिक्समध्येही स्वतंत्रपणे लिहिली पाहिजे.

दुसरी चूक कोनाची. ४५ अंशांच्या तिरप्या रेषा चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात काढल्या तर रेषांमधील लंब अंतर चौकटीच्या बाजूइतके नसते. ते बाजूला २ च्या वर्गमुळाने भागून येते. २ मिलिमीटरच्या चौकटीतून १.४१ मिलिमीटरचा हॅच निघतो. २ मिलिमीटरचा हॅच हवा असल्यास चौकट २.८३ मिलिमीटरची करावी लागते. शिवाय चौकटीच्या कडेला रेषेची जाडी कापली जाते आणि सांध्यांवर खाचा पडतात. यापेक्षा चौकटीत आडवी रेषा काढून तिरपेपणा मॅट्रिक्सकडे सोपविणे श्रेयस्कर. मग चौकटीचे अंतर हेच हॅचचे अंतर राहते.

५

आतापर्यंतच्या चुका नकाशा बिघडवितात. पुढील चूक नकाशाला खोटे बोलावयास लावते. म्हणून तिचा विचार विस्ताराने करणे अवश्य आहे.

पीडीएफमध्ये चित्राचा एखादा खंड ‘फॉर्म’ म्हणून स्वतंत्रपणे साठविता येतो आणि पृष्ठावर हव्या त्या आकारात ठेवता येतो. फॉर्म हा स्वतःच एक आशयप्रवाह आहे. त्यामुळे फॉर्ममध्ये नोंदविलेल्या पॅटर्नचे माप फॉर्मशी बांधलेले राहते आणि फॉर्म लहान केला की हॅचही लहान होतो. आता अभ्यासकाची नित्याची कृती डोळ्यांसमोर आणावी. जिल्ह्याचा नकाशा आधी फॉर्म म्हणून तयार होतो, पृष्ठावर निम्म्या आकारात बसविला जातो, आणि नंतर सूची, म्हणजे वर्ग सांगणाऱ्या लहान चौकटी, थेट पृष्ठावर काढली जाते. पॅटर्न दोन्हीकडे तोच. पालक मात्र भिन्न.

समजा, तालुकावार सिंचित क्षेत्राचे प्रमाण दाखवावयाचे आहे आणि वर्ग तीन आहेत : कमी सिंचनास ४ मिलिमीटर, मध्यम सिंचनास २ मिलिमीटर आणि अधिक सिंचनास १ मिलिमीटर अंतराचा हॅच. सूचीत ही अंतरे जशीच्या तशी उमटतात. नकाशात ती अनुक्रमे २, १ आणि अर्धा मिलिमीटर होतात. वाचक नकाशावरील हॅच सूचीशी ताडून पाहतो. तसे पाहणे हेच त्याचे कर्तव्य आहे. ज्या तालुक्यात सिंचन कमी तेथील २ मिलिमीटरचा हॅच सूचीतील ‘मध्यम’ वर्गाशी तंतोतंत जुळतो. मध्यम तालुका ‘अधिक’ ठरतो. खरोखर अधिक सिंचनाचा तालुका सूचीत कोठेच नसलेल्या काळसर छायेत बुडतो, आणि वाचक त्यालाही ‘अधिक’ मध्ये ढकलून मोकळा होतो. सारा जिल्हा एक पायरी वर चढतो. कोरडवाहू शेती आणि अवर्षण यांनी वारंवार गांजलेल्या प्रदेशात कमी सिंचनाचा एकही तालुका शिल्लक राहत नाही! आकडेमोड निर्दोष, सीमा निर्दोष, वर्गवारी निर्दोष, आणि निष्कर्ष मात्र विपरीत. असा नकाशा पुढे एखाद्या अहवालात उद्धृत झाला तर पाण्याची गरज कोठे आहे याविषयीचा चुकीचा समज त्यातून पसरेल, आणि त्याचा उगम मॅट्रिक्समधील एका अंकात आहे हे कोणालाही उमगणार नाही.

हॅचच्या दिशेबाबतही असेच घडते. पीडीएफमध्ये उभा अक्ष खालून वर मोजला जातो. चित्रांच्या अनेक प्रोग्रॅमांत तो वरून खाली मोजतात. म्हणून अक्ष उलटा करण्याची आज्ञा देण्याची प्रथा आहे. ती आज्ञा पृष्ठावर दिल्यास हॅचचा कल बदलत नाही. फॉर्म उलटा करून ठेवल्यास तो बदलतो आणि उजवीकडे चढणाऱ्या रेषा डावीकडे चढू लागतात. सूची व नकाशा यांतील कल परस्परविरुद्ध दिसला तर पालक भिन्न आहेत, हे निदान विनासायास करता येते.

६

इतर साधनांची उत्तरे याहून निराळी आहेत. ऑटोकॅडमध्ये हॅचचे माप आकृतीच्या एककांत असते. ‘एएनएसआय ३१’ या नित्याच्या तिरप्या हॅचचे अंतर इंची व्याख्येत ०.१२५ आणि मेट्रिक व्याख्येत ३.१७५ एकके आहे. चुकीची व्याख्या हाती आली तर २५.४ पटींचा फरक पडतो. जालना जिल्ह्याच्या सीमा यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर विभागात मीटरमध्ये आणल्या आणि हा मेट्रिक हॅच जसाच्या तसा भरला, तर जमिनीवर ३.१७५ मीटरवर एक रेषा येते. १:२,५०,००० प्रमाणात हे अंतर ०.०१२७ मिलिमीटर होते. परिणामी निव्वळ काळे क्षेत्र उमटते. कागदावर २ मिलिमीटर हवे तर जमिनीवर ५०० मीटर हवेत. म्हणजे हॅचला सुमारे १५७.५ ची पट द्यावी लागेल. एसव्हीजी या चित्रपद्धतीत, स्वतंत्र सूचना दिली नाही तर, पॅटर्नच्या चौकटीचे माप प्रत्येक आकृतीच्या विस्ताराच्या प्रमाणात घेतले जाते. त्यामुळे एकाच वर्गातील दोन तालुक्यांपैकी विस्ताराने मोठ्या तालुक्यात हॅच विरळ आणि लहान तालुक्यात दाट होतो. मूल्य समान असता लहान तालुका अधिक मूल्याचा दिसावा, यासारखा विपर्यास नाही. पायथनच्या मॅटप्लॉटलिब या संचात मात्र हॅचची चौकट पृष्ठाच्याच मापाने, ७२ पॉइंटांची, घेतली जाते आणि दाटपणा चिन्हाची पुनरुक्ती करून वाढविला जातो. तेथे नकाशा व सूची एकाच मापाने चालतात. तरीही सूचीची चौकट इतकी लहान असते की तीत एखाददुसरी रेषाच दिसते. तीन-चार रेषा दिसतील इतकी ती मोठी करून घेतली पाहिजे.

अशा रीतीने ऑटोकॅड हॅचला जमिनीचा मानतो, एसव्हीजी आकृतीचा आणि पीडीएफ पृष्ठाचा. एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना हॅचचे माप हरवते याचे कारण या तीन मतांतील भेदात आहे.

७

यावर काही आक्षेप संभवतात. पीडीएफचा नियमच सदोष आहे, हॅच आकृतीबरोबर बदललाच पाहिजे, असे प्रोग्रॅमकार म्हणतात. हे मत आम्हांस मान्य नाही. क्षेत्रघनी नकाशातील हॅच ही जमिनीवरची वस्तू नव्हे. भोकरदनच्या शिवारात कोणी रेषा आखलेल्या नाहीत. ती वाचकाच्या डोळ्यासाठी योजलेली खूण आहे, आणि डोळा कागदावर फिरतो. म्हणून तिचे माप कागदाचे असणे हेच युक्त. नकाशातील अक्षरांच्या आकाराबाबत आपण हाच न्याय लावतो.

तथापि हा न्याय सरसकट लावता येणार नाही. इमारतीच्या आराखड्यात फरशी किंवा वीटकाम दाखविणारा हॅच वस्तूचे प्रत्यक्ष माप सांगत असतो. तेथे जमिनीचे माप धरणेच योग्य. आराखड्यांच्या रूढ रंगसंकेतांत पाडावयाचे बांधकाम पिवळ्या हॅचने दाखवितात. हा हॅच मात्र पुन्हा खुणेचाच. १:१०० प्रमाणात साडेचार इंची भिंत कागदावर १.१४ मिलिमीटर रुंद असते. हॅच विरळ असेल तर तीत तुटक ठिपके तेवढे राहतात, आणि अतिदाट झाला तर हॅच आणि सलग पिवळा रंग यांतील भेद मिटतो. कोणती भिंत पडणार आणि कोणती राहणार याचा निर्णय ज्या रेषांवर आहे, त्यांचे माप दैवावर सोडणे परवडणारे नाही.

दुसरा आक्षेप असा की, रंगीत छपाईच्या काळात हॅचची चिंता कशाला? परंतु प्रबंधाच्या छायाप्रती आजही काळ्या-पांढऱ्या निघतात. त्यांत लाल आणि हिरवा एकच करडा होतो. रंगांधळ्या वाचकाची अडचण वेगळीच. शिवाय एका नकाशात दोन चले दाखवावयाची असता रंगावर हॅच हाच सुलभ मार्ग उरतो.

८

निदानाची रीत सोपी आहे. नकाशाच्याच फाइलमध्ये, नकाशाच्याच मार्गाने, दहा सेंटीमीटर बाजूचा एक चौरस काढावा, त्यात २ मिलिमीटर अंतराचा हॅच भरावा, आणि मापात बदल न करता छापून रेषांना लंब दिशेने दहा सेंटीमीटरांतील रेषा मोजाव्यात. सुमारे ५० भरल्या तर माप बरोबर. १४२ च्या आसपास भरल्या तर पॉइंट व मिलिमीटर यांची गल्लत झाली आहे. ७१ भरल्या तर कोनाची चूक आहे. चौरसाची बाजूच दहा सेंटीमीटर न भरता कमी-अधिक भरली, तर फॉर्म किंवा छपाईचे माप आड आले आहे. मग हीच मोजणी सूचीच्या चौकटीशेजारी करावी. दोन्हींत फरक पडला तर नकाशा प्रबंधात घालू नये. रेषेची जाडीही स्पष्ट लिहावी. पीडीएफमध्ये शून्य जाडी म्हणजे यंत्राला जमेल तितकी बारीक रेषा. ६०० ठिपक्यांच्या प्रिंटरवर ती ०.०४२ मिलिमीटर येते, तर २,४०० ठिपक्यांच्या छपाईत ०.०११ मिलिमीटर होऊन जवळजवळ नाहीशी होते.

शालेय भूगोलात आपण शिकलो आहोत की, नकाशा लहान-मोठा केला असता शब्दप्रमाण आणि अंकप्रमाण खोटे ठरते, रेषाप्रमाण मात्र खरे राहते. कारण ते नकाशाबरोबर आकसते व फुगते. हॅच आणि सूची यांच्या नात्याला हाच नियम लागू आहे. संपूर्ण पृष्ठ लहान केले तर दोन्ही एकत्र आकसतील. वाचनीयता कमी होईल, पण सत्य अबाधित राहील. एकच आकसेल आणि दुसरे आकसणार नाही, तेव्हा मात्र नकाशा आणि त्याचा अर्थ यांची फारकत होते. म्हणून नकाशा व सूची एकाच आशयप्रवाहात, एकाच पॅटर्नने आणि एकाच मॅट्रिक्सने काढावीत, हा नियम अभ्यासकांनी कटाक्षाने पाळावा. आणि परीक्षकांनीही कोष्टकातील बेरीज तपासावी त्याच दक्षतेने नकाशातील रेषांवर मोजपट्टी ठेवावी. ‘चित्र किती लहान करणार?’ हा जुन्या ड्राफ्ट्समनचा प्रश्न प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीआधी विचारला गेला, तर यांतील बहुतेक चुका उद्भवणारच नाहीत.